बूमरँग आणि भागूआजीचा राब

"वाका! वाका! आलं, आलं!"

हरेशची आरोळी ऐकून समिधा मटकन खाली बसली आणि भाविका थेट आंब्याच्या बुंध्यामागे पळाली. बूमरँग मात्र तिघांपैकी कोणाकडेच आलं नाही. ते हवेत डुललं, वाकडंतिकडं झालं आणि दोरीवर वाळत घातलेल्या मनोजमामाच्या लुंगीत जाऊन अडकलं!

"शाब्बास!" ओटीवरून मामा म्हणाला. "ऑस्ट्रेलियात याच्यानं शिकार करतात म्हणे. आमच्या हरेशनं लुंगी मारली!"

समिधा मे महिन्याच्या सुट्टीत खोपोलीहून पळसदरीजवळच्या मामाच्या गावी आली होती. हरेश तिचा मामेभाऊ, वयानं तिच्याहून जरा मोठा आणि तोंडानं बराच मोठा. भाविका त्याची धाकटी बहीण. तिनं सुट्टी लागल्यापासून बर्फाचे गोळे आणि कैऱ्या यांच्यावर असा काही हात मारला होता, की तिचा घसा पार बसला होता. बोलली की एखादा म्हातारा खोकतोय असं वाटे.

बूमरँग बनवलं होतं मामानं. तो साजगावला लाकडी खोक्यांच्या कारखान्यात कामाला होता. प्लायवूडचा एक टाकाऊ तुकडा त्यानं मागून आणला, करवतीनं कापला आणि पॉलिशपेपरनं घासघासून त्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर केली. "व्हिडिओत बघून वाटलं, सोपं आहे," तो सांगायचा. "अख्खा हिवाळा गेला, तेव्हा कुठे ते परत यायला लागलं!"

"हरेश, तू ते ताटलीसारखं आडवं फेकतोयस," मामा म्हणाला. "मग ते वर चढतं आणि धपकन पडतं. उभं धर! किंचित बाहेर कलव. वारा तोंडावर घे, मग जरा उजवीकडे वळ आणि मनगटाला झटका दे. आणि एक ध्यानात ठेवा, माणसाच्या अंगावर कधीच फेकायचं नाही. माणूस असेल तिथून लांबच, मोकळ्या रानात."

समिधानं मामा सांगेल तसं केलं. फर्रर्र! बूमरँग निघालं, भाताच्या मोकळ्या खाचरांवरून डावीकडे वळलं, मोठं वळण घेऊन सरळ तिच्याकडे यायला लागलं. आणि ती ऐनवेळी डोळे मिटून बाजूला झाली!

"परत आलेला पाहुणा दारातून हाकलतेस होय गं?" हरेश खिदळला.

"तू पकड ना मग! इतका शहाणा आहेस तर!"

समिधाची फेक चांगली जमली होती, पण झेल काही केल्या जमेना. बोटांवर लागेल ही भीती मनातून जात नव्हती.

शेजारच्या भागूआजी तेव्हा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या. एकट्या राहायच्या, एक भाताचं खाचर स्वतः कसायच्या. मुलांची गंमत त्या दारातूनच बघत होत्या.

"इकडं ये गं पोरी!" त्यांनी हाक मारली. "त्या लाकडाला मुठीत का धरतीस? भाकरी कशी झेलतो आमी? ह्या हातावरनं त्या हातावर, दोनी तळव्यांच्या मधी. बग!" आणि त्यांनी पिठाचा गोळा असा थापटला की भाकरी तळव्यांमध्ये फिरत फिरत मोठी झाली. "डोळं मिटलंस तर भाकरी चुलीत जाईल. उगडं ठेव!"

समिधानं पुन्हा फेकलं. बूमरँग वळून आलं. तिनं एक हात खाली, एक वर धरला, डोळे ताणून उघडे ठेवले आणि थाप! बूमरँग दोन्ही तळव्यांमध्ये!

"झेललं! आजी, झेललं!" समिधानं धावत जाऊन आजीच्या गळ्यात मिठीच मारली. "तुमच्यामुळे जमलं हो! किती दिवस मी नुसती पळत होते!"

"माजे हात निदान यवढ्यासाठी तरी कामाला आले," आजी हसल्या. पण ते हसू काही खरं नव्हतं. "औंदा शेवटचा राब भाजायचा. उगावलं तर उगावलं, नायतर खाचर सोडून देनार मी. मागच्या साली कोपऱ्यात एक रोप वर आलं नाय. इतकी वर्सं पेरतेय, कदी असं जालं नव्हतं. हातातलं यशच गेलं म्हनायचं."

समिधाला वाईट वाटलं. राब म्हणजे काय, हे तिला हरेशनं सांगितलं होतं. भाताची रोपं तयार करायची त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि गवत थरावर थर अंथरायचं, वर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात सगळं सावकाश जाळायचं. तण मरतं, माती भाजते आणि रोपं जोमानं येतात. आजींचा राब अंथरून तयार होता आणि उद्या सकाळी त्या तो पेटवणार होत्या.

त्या दुपारी बूमरँग चुकलं. फेकणारा हरेश होता, हे सांगायला नकोच! ते सरळ जाऊन आजींच्या राबाच्या कोपऱ्यात घुसलं.

"काढ आता!" भाविका घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हळूच हं. राब विस्कटला तर आजी तुझाच राब भाजतील!"

हरेशनं हळूच पाला बाजूला केला आणि तो तसाच थांबला. "समे, हे बघ!"

पाल्याच्या खाली प्लास्टिकच्या ताटल्या होत्या. थर्माकोलचे तुकडे होते, चमचे, चांदीसारखे चकाकणारे कागद, फुटलेले फुगे. वर पुन्हा नीट पाला पसरलेला! समिधानं खालची माती उकरली तेव्हा तिच्या हाताला काळे, टणक, वितळून गोठलेले पापुद्रे लागले.

"हे यंदाचं नाही," ती म्हणाली. "हे मागच्या वर्षी जळलेलं आहे! हाच तो कोपरा! आजींची रोपं याच्यामुळे आली नाहीत. आजींचे हात चांगलेच आहेत, हरेश!"

तिघांच्याही डोळ्यांपुढे एकच जागा आली. बांधापलीकडचा तो नवा बंगला! शनिवार-रविवारी तिथे पाहुणे यायचे, गाणी लागायची, वाढदिवस व्हायचे.

मुलांनी मामाला गाठलं. मामा गंभीर झाला. "नुसतं जाऊन विचारलं तर ते म्हणतील, हा कचरा आमचा नाहीच. टाकताना दिसायला हवा. आज रविवार, संध्याकाळी पाहुणे जातात. तुम्ही बांधाच्या अलीकडे करवंदीच्या जाळीत बसा. मी आजीला घेऊन मागच्या अंगानं येतो. अंगाला हात लावायचा नाही आणि दगड मारायचा नाही. कळलं?"

"दगड कशाला?" समिधा म्हणाली. "आपल्याकडे बूमरँग आहे की!"

सूर्य डोंगराआड गेला. वारा मंदावला. जाळीत डास चावत होते आणि भाविका खोकला दाबून दाबून लाल झाली होती. इतक्यात फट्फट् करत एक स्कूटर आली. तिच्यावर दोन फुगलेल्या गोण्या होत्या. चालवणाऱ्याला पाहून हरेश कुजबुजला, "अरे, हा तर आपला धनेशकाका! बंगल्याचा राखणदार!"

धनेश शेजारच्याच वाडीतला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, राबाचा पाला उचलला आणि पहिली गोणी रिकामी करायला लागला.

समिधा जाळीआडून मागच्या खाचरात गेली. बूमरँग खाली पडून खडखडलं तर सगळं फसणार! तिनं ते उभं धरलं, किंचित कलवलं आणि धनेशपासून लांब, मोकळ्या रानाकडे झटका दिला.

फर्रर्र!

अंधुक उजेडात काहीतरी काळं धनेशच्या समोरच्या रानावरून गेलं, वळलं आणि नाहीसं झालं. समिधानं डोळे उघडे ठेवले. तळवे पसरले. थाप! झेललं!

"को... कोन हाय?" धनेशच्या हातून गोणी सुटली.

समिधानं पुन्हा फेकलं. फर्रर्र! पुन्हा गेलं, पुन्हा वळलं, पुन्हा नाहीसं झालं! दगड असता तर पडला असता, पाखरू असतं तर ओरडलं असतं. धनेशच्या कपाळावर घाम आला. लहानपणापासून त्यानं ऐकलं होतं, प्रत्येक शेताला राखण करणारा देव असतो, आणि त्याला शेतात घाण खपत नाही.

आणि नेमकं तेव्हाच भाविकाला राहवेना. ठरलेलं नव्हतं, पण तिनं आपल्या बसलेल्या घशातून दीर्घ आवाज काढला, "राऽऽब कुणाऽऽचा?"

धनेशनं दोन्ही हात जोडले. "भागूबाईचा, देवा!"

"कचराऽऽ कुणाऽऽचा?"

"बंगल्याचा! सायेब म्हनले, गाडीत घालून कर्जतला टाकून ये. मला कंटाळा आला! मागच्या साली बी मीच टाकला! चुकलं माजं! सगळा काडतो!"

"काढच आता!" मागून मामाचा आवाज आला. धनेश अशी उडी मारून वळला, की स्कूटरच आडवी झाली. मामाशेजारी भागूआजी उभ्या होत्या. जाळीतून हरेश आणि भाविका बाहेर आले. भाविकाला हसू आवरेना आणि खोकलाही आवरेना!

धनेश खजील झाला. "मावशी, तू जाळनारच व्हतीस ना... म्हनलं, त्यातच जळून जाईल."

"तुजी आय राब भाजायची तवा एक काच दिसली तरी येचून काडायची, धनेश," आजी म्हणाल्या. "तू तिच्या मागं मागं फिरायचास, मी बगितलंय. शेत इकलं तसं इसरलास व्हय रं?"

धनेश खाली मान घालून पाला उचलायला लागला. कोणी काही सांगितलं नाही, पण मुलंही शेजारी बसून ताटल्या वेचायला लागली. गलका ऐकून गावातली आणखी माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन आली. मातीतले काळे पापुद्रेसुद्धा धनेशनं खुरप्यानं खरवडून काढले.

सकाळी राब पुन्हा नीट अंथरला गेला. आजींनी चिमूटभर धूळ हवेत सोडून वारा पाहिला आणि आग वाऱ्याच्या उलट अंगानं सावकाश सरकेल अशा बेतानं तो पेटवला. पांढरा, सरळ धूर वर चढला. बंगल्याचे मालकही आले होते. धनेशनं त्यांना सगळं स्वतःच सांगितलं होतं. त्यांनी आजींची माफी मागितली आणि यापुढे कचरा आपल्याच गाडीतून कर्जतला नेईन, असं सगळ्यांसमोर कबूल केलं.

"पोरांनी गावाचं नाव राखलं," मामा म्हणाला. "हरेशनं चुकीचं फेकून का होईना!"

"बाबा!" हरेश ओरडला आणि सगळे हसले.

समिधा आजींजवळ गेली. "आजी, तुम्ही शिकवलं नसतं तर मला झेलताच आलं नसतं. मनापासून आभार हं तुमचे."

भागूआजी राबाकडे बघत होत्या. त्यांनी वळून आपले पीठ आणि राख लागलेले दोन्ही हात समिधाच्या गालांवर ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आभार कसले मानतीस गं माजं?" त्या म्हणाल्या. "वर्सभर मी ह्या हातांना नावं ठेवत व्हते. तुमी पोरांनी माजे हात मला परत दिले. पेरनार मी औंदा. आनि फुडल्या साली बी पेरनार!"