ऊर्मिला कशाला हो म्हणाली?

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, पण माझ्यासमोर नको. हे जिच्यावर गुदरलं ती ऊर्मिला माझी सख्खी आतेबहीण आहे. झुरळ हातात धरून खिडकीबाहेर टाकणारी मुलगी. ती फोनवर रडत होती आणि मी ऐकत होते. आता खोटं कशाला सांगू?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. जर्मनीतलं बाड हॉम्बुर्ग, फ्रँकफर्टपासून जवळच. दिवेलागणीची वेळ.

ऊर्मिला आणि तिचा नवरा श्रीनाथ घर घेत होते. कित्येक वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर एकदाचं मनासारखं घर मिळालं होतं. मागे बाग, वर कौलारू छपराखाली एक छानशी खोली. ती कुहूची, त्यांच्या लेकीची. कुहू पहिलीत होती. घर बरेच दिवस विकलं गेलं नव्हतं, म्हणून भावही आटोक्यात होता.

"का बरं विकलं गेलं नसेल?" ऊर्मिलाने विचारलं होतं.

"आपल्या नशिबात होतं म्हणून," श्रीनाथ म्हणाला. झालं, विषय संपला!

जर्मनीत घराचा व्यवहार नोटारसमोर होतो. नोटार म्हणजे त्या कामाचा वकील. तो घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला समोर बसवून अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो. वाचल्याशिवाय सही चालत नाही, कायदाच तसा आहे. आणि नोटार कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा घेणाराच ठरवतो.

यांनी आधी शेजारच्या एश्बॉर्न गावची एक नोटार बाई ठरवली होती. ती दोन मिनिटं या दोघांशी बोलली आणि म्हणाली, "दुभाषी आणा. तुम्हाला कळल्याशिवाय मी वाचणार नाही."

श्रीनाथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दुभाषी? इतकी वर्षं इथे काय गवत उपटतोय मी?"

त्यात तिची तारीख नाताळानंतरची. मग दलालाने दुसरा नोटार सुचवला. म्हातारा, शांत, लगेच तारीख देणारा. दुभाष्याचं नावही न काढणारा. आपल्याला कळतं म्हणून या दोघांनी सांगितलं, त्याने मानलं.

खरं सांगायचं तर ऊर्मिलाला बाजारहाटापुरतं जर्मन यायचं. बाकी ठिकाणी तिची एक युक्ती होती. डॉक्टर असो, शाळेची बाई असो, समोरचा भराभर बोलायला लागला की मान डोलवायची आणि म्हणायचं, "या, गेनाऊ." म्हणजे हो, बरोबर. परदेशात राहणारी निम्मी माणसं हेच करतात. मीही केलं असतं.

तर नोटारचं ऑफिस. मोठं लाकडी टेबल. नोटार, विकणारा क्रेमर, श्रीनाथ, ऊर्मिला.

आणि एक म्हातारी.

हिरवा लोकरी कोट, मांडीवर पर्स, ऊर्मिलाच्या शेजारच्या खुर्चीत. क्रेमरच्या घरातलं कोणी असेल, असं ऊर्मिलाला वाटलं. ती हसली. म्हातारी हसली नाही.

नोटार वाचायला लागला. एका सुरात, भराभर. ऊर्मिलाच्या कानावरून शब्द नुसते वाहून जात होते. खोलीत हीटर चालू होता, तिला पेंग यायला लागली.

मग...

नोटारचे ओठ हलत होते, पण आवाज येईना.

त्याच्या जागी दुसरा आवाज आला. बाईचा. अगदी कानाशी.

म्हातारी बोलत होती. सावकाश, वाचून दाखवावं तशी. ऊर्मिलाला चारच शब्द कळले. वर... खोली... मूल... राहील.

"आइनफेरश्टांडन?" म्हातारीने विचारलं. मान्य?

सगळे थांबले आहेत, आपल्यामुळे खोळंबा होतोय, असं ऊर्मिलाला वाटलं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं.

"या, गेनाऊ."

म्हातारीने तिचा हात दाबला. बर्फासारखा गार हात.

पुढच्या क्षणी नोटारचा आवाज परत आला. सह्या झाल्या. ऊर्मिलाने शेजारी पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

"त्या आजी कुठे गेल्या रे?" गाडीत बसल्यावर तिने विचारलं.

"कुठल्या आजी?"

"माझ्या शेजारी होत्या त्या. हिरवा कोट."

"ऊर्मिला, चारच माणसं होतो आपण. तू मध्येच या गेनाऊ म्हणालीस, तेव्हा क्रेमर बिचारा दचकला! झोपली होतीस का?"

तिने पट्टा लावला आणि विषय सोडून दिला. आता सही झाली होती, बोलून काय उपयोग?

फेब्रुवारीत ते राहायला गेले. पहिले काही दिवस बरे गेले.

मग वरून आवाज यायला लागले.

खुर्ची सरकल्याचा. कोणीतरी हलक्या आवाजात गुणगुणल्याचा. कुहू शाळेत असताना.

कुहू घरी असली की वर खिदळायची, कोणाशी तरी बोलत बसायची. ऊर्मिलाने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, की सगळं चिडीचूप. दार उघडावं तर कुहू पलंगावर एकटी, हाताची घडी घालून, आई कधी जाते याची वाट बघत.

आणि पलंगाच्या कडेला गादी दबलेली... शेजारी कोणी बसावं तशी.

ऊर्मिला दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, एकटीच नोटारकडे गेली. या वेळी तिने लाजबीज सोडली. "हळू बोला," ती म्हणाली, "मला जर्मन नीट येत नाही."

नोटारने सावकाश सांगितलं. त्या घरात क्रेमरच्या आत्याला राहायचा कायदेशीर हक्क होता, मरेपर्यंतचा. वरच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी ती तिथेच वारली. माणूस मेलं की तो हक्क संपतो. त्याने स्वतः तो काढून टाकला होता.

"मूलबाळ नव्हतं तिला," तो म्हणाला. "फार वाटायचं तिला त्याचं."

"त्या दिवशी माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

नोटारने चष्मा काढला.

"तुमच्या आधी दोन कुटुंबं आली होती. दोन्ही जर्मन, दोघांनाही लहान मुलं. दोन्ही वेळा वाचन चालू असताना आई उठली आणि निघून गेली. का, ते सांगितलं नाही." मग हळूच म्हणाला, "हो म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"पण ती बोलते काय?"

"मला कसं कळणार? मी तर वाचत असतो."

त्या बायकांना शब्द न् शब्द कळला होता. म्हणून त्या पळाल्या!

ती धावत घरी आली आणि बॅग भरायला घेतली. श्रीनाथचा भाऊ राजस स्टुटगार्टला राहतो. आज रात्रीच तिकडे जायचं. घर गेलं उडत!

मागे जिना वाजला.

"आई, बॅग भरू नकोस."

ऊर्मिलाच्या हातातला फ्रॉक खाली पडला. कुहूला मराठी सगळं कळायचं, पण बालवाडीत गेल्यापासून ती उत्तर फक्त जर्मनमध्ये द्यायची. आईलाही जर्मन मुलांसारखं 'मामा' म्हणायची. आणि आता हे... पुण्यात वाढल्यासारखं स्वच्छ मराठी.

"कोणी शिकवलं तुला असं बोलायला?"

"ती म्हणाली, तुझ्या आईला तेव्हा कळलं नव्हतं. तिला तिच्या भाषेत सांग."

"काय सांग?"

कुहू एकेक शब्द सावकाश बोलली.

"वरची खोली तिची. खालचं घर तुमचं. आणि मी तिची."

"किती दिवस?" ऊर्मिलाने विचारलं.

"ती मरेपर्यंत."

श्रीनाथ आला तसा त्या दोघांनी कुहूला उचलून गाडीत घातलं. गाव संपता संपता पोरगी गार पडली. डोळे उघडे, श्वास लागेना. ऊर्मिला किंचाळली, श्रीनाथने गाडी वळवली. घराच्या फाटकाशी कुहू उठून बसली आणि म्हणाली, भूक लागली.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. ते तिथेच राहतात. दुसरं करणार काय?

परवा मी फोन केला. ऊर्मिला म्हणाली, कुहू आता जेवायलाही खाली येत नाही, ताट वर न्यावं लागतं. ताटं दोन मागते. मला राहवेना. म्हटलं, "रडू नकोस गं, मी येते तिकडे. तुझ्याजवळ राहते."

पलीकडे ऊर्मिला काही बोलणार, तेवढ्यात मागून कुहूचा आवाज आला.

"आई, मावशीला हो म्हणायला सांग."

मी एक शब्दही बोलले नाही. फोन ठेवून दिला. ऊर्मिलाचे फोन येतायत, मी उचलत नाहीये.