सरबत पाजून दिलेले होकार

फाटकाची कडी वाजवण्याआधी शमिकाने पोटावर हात ठेवला. आत कोकम सरबत नुसतं डचमळत होतं! मांडवीच्या त्या आळीत सकाळपासून ती ज्या ज्या घरात शिरली, त्या त्या घराने तिला सरबत पाजलं होतं. आणि प्रत्येक घराने 'हो' म्हटलं होतं. मग हे छातीत धडधडतंय ते कसलं? आनंदच म्हणायचा... की आणखी एक ग्लास प्यावा लागेल याची भीती?

पण कडी वाजवायची वेळच आली नाही. पडवीतून आवाज आला,

"सरबत देऊ, की खरं सांगू?"

तिने मान वर केली. उंच, शेलाटा मुलगा. अंगात शिरगावच्या फिशरीज कॉलेजचा टी-शर्ट, हातात मासे उचलायची चिमुकली जाळी, कोपरावरून पाणी ठिबकतंय. आणि डोळे... ओठांच्या आधी डोळेच हसत होते.

"म्हणजे?" शमिका म्हणाली.

"म्हणजे समोरच्या आनंदीकाकूंकडे तुम्हाला सरबत मिळालं. शेजारच्या आप्पांकडेही. खरं ना? आमच्या आळीत चहा ठेवला तर समजायचं, बसा, बोलू. सरबत दिलं तर समजायचं... पोर उन्हातनं आलीय, तिला नाही कसं म्हणायचं!"

ऑक्टोबरच्या उन्हापेक्षा शमिकाचे कान जास्त तापले.

"सगळ्यांनी तोंडावर हो म्हटलंय मला!"

"तोंडावरच म्हणतात. पाठीमागे कोण म्हणतंय?"

असा राग आला तिला! तिने एका दमात पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. "मी शमिका. मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे, ते माझ्या बाबांचं. आता एक नवी डबी मिळते. एका बाजूला व्हीसीआर जोडायचा, दुसऱ्या बाजूला घरचा कॉम्प्युटर. कॅसेटमधलं लग्न, बारसं, सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. तर तुमच्याकडे जुन्या कॅसेट आहेत का, आणि अशी डबी तुम्ही घ्याल का?"

"मी ऋत्विक. कॅसेट पेटीभर आहेत, पपा बोटीवर असतात ना, शूटिंगची भारी हौस त्यांना. डबी नाही घेणार."

दिवसातलं पहिलं 'नाही'. इतकं सरळ, की शमिका गडबडलीच.

"का पण?"

"व्हीसीआरवर माझे मासे राहतात."

त्याने दार ढकललं. खरंच! खोलीत एका जुन्या काळ्या व्हीसीआरवर काचेची टाकी होती आणि तिच्यात केशरी मासे मजेत शेपट्या हलवत होते.

"आमचा निदान टेबल म्हणून तरी उरलाय. बाकीच्यांचं काय? चालू व्हीसीआर आहे का, असं विचारलंत कुणाला?"

नव्हतं विचारलं. कुणालाच नव्हतं विचारलं!

शमिकाच्या पोटातलं सगळं सरबत बर्फ झालं. शनिवारी कोल्हापूरचा डीलर येणार होता. घेतलेला माल तो परत घेत नसे. आणि बाबा, जे स्वतःच्या स्क्रूड्रायव्हरला कुणाला हात लावू देत नाहीत ते बाबा, पहिल्यांदाच म्हणाले होते, "आकडा तू सांग, शमू. तू म्हणशील तेवढ्या डब्या घेतो." त्या डब्या फळीवर धूळ खात बसल्या तर? बाबा एक शब्द बोलणार नाहीत... तीच तर भीती होती! बोलणार नाहीत, आणि पुन्हा कधी विचारणारही नाहीत.

तिचे डोळे भरून आले. ऋत्विकच्या हातातली जाळीच खाली पडली.

"अहो... रडू नका हां! उद्या मी येतो बरोबर. हा एकच प्रश्न विचारू. मी असलो की लोक खरं बोलतात."

"तुम्ही कशाला याल?"

"मी... म्हणजे..." त्याने टाकीकडे बघितलं. "दुपारी माशांना काही काम नसतं."

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आनंदीकाकूंच्या पडवीत.

"व्हीसीआर? तो कधीच गेला गो भंगारात!" काकूंनी हात उडवले.

"मग काल हो म्हणालात ना, काकू?"

"मग काय नाही म्हणू? एवढीशी पोर, घामाने निथळतेय! आणि काय रे ऋत्विक, तू हिच्या मागनं काय शोधत फिरतोस?"

"व्हीसीआर, काकू."

"हो का? मिळालासा वाटतो!"

ऋत्विक असा लाजला की शमिकाला हसू दाबायला ओढणी तोंडाशी न्यावी लागली. निघताना मात्र काकूंनी तिचा हात धरला. आवाज एकदम हळू झाला. "डबीबिबी मला काय कळणार? पण माझ्या लग्नाची कॅसेट आहे कपाटात. कोणी नुसती दाखवली असती ना गो एकदा..."

आप्पांच्या माळ्यावरचा व्हीसीआर उंदरांनी कुरतडला होता. पुढच्या घरी व्हीसीआरची लोणच्याच्या बरण्या ठेवायची मांडणी झाली होती. कालचे सगळे होकार एकेक करून गळून पडले, आणि वर परतीचा पाऊसही आला... धो धो! दोघं पळत एका बंद टपरीच्या पत्र्याखाली शिरली. जागा इतकी थोडी, की त्याच्या ओल्या बाहीचा गारवा तिच्या दंडाला लागत होता.

"आता बाबांना काय सांगू?" पावसाच्या वर आवाज काढत ती म्हणाली.

"खरं सांगा."

"तुम्हाला काय, सोप्पं आहे!"

"नाही हं. काही गोष्टी खऱ्या सांगायला मलाही भीती वाटते."

"कुठल्या?"

तो तिच्याकडे बघत राहिला. केसातून एक थेंब निघाला, नाकावर आला, तिथेच लोंबकळला...

"पाऊस थांबला," तो म्हणाला.

पाऊस मुळीच थांबला नव्हता!

शनिवारी डीलर दुकानात येऊन बसला. बाबा एका सीपीयूचा स्क्रू पिळत होते.

"बाबा, डब्या कोणीच घेणार नाही," ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबला नाही. "मी विचारताना चुकले. लोकांकडे कॅसेट आहेत, लावायला व्हीसीआर नाहीत. त्यांना डबी नकोय, बाबा, त्यांना कॅसेट बघायचीय! एकच घ्या. आपण दुकानात ठेवू, लोक कॅसेट घेऊन येतील, आपण उतरवून देऊ. व्हीसीआरचं... मी बघते."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. 

"एक डबी द्या," बाबा डीलरला म्हणाले.

"एक? साहेब, एका डबीसाठी घाट उतरून आलो होय मी?"

"आमच्या शमूने सर्व्हे केलाय," बाबा म्हणाले आणि तो स्क्रूड्रायव्हर त्यांनी तिच्याच हातात दिला. "धर. मी पैसे आणतो."

रविवारी संध्याकाळी डबी छातीशी धरून ती मांडवीला पोचली. आता धडधड डीलरची नव्हती. ही वेगळीच होती, जास्त वाईट! 'व्हीसीआर देता का?' एवढंच विचारायचं होतं ना? मग रस्ताभर दुसराच प्रश्न का घोकत होती ती?

ऋत्विकच्या खोलीत टेबलावर टॉवेल अंथरलेला. त्यावर व्हीसीआर, पुसून लख्ख केलेला.

"मासे?" तिने विचारलं.

"खिडकीत हलवले. रागावलेत जरा. काकूंची कॅसेट दाखवायला व्हीसीआर लागेलच ना! चालतोय, बघितला मी लावून. दुकानात घेऊन जा."

घेऊन जा! आज पहिल्यांदा 'अहो-जाहो' नव्हतं.

"एक प्रश्न राहिलाय सर्व्हेतला," ती म्हणाली.

"विचार."

"तू एवढा फिरलास माझ्याबरोबर... ते पोर घामाने निथळतेय म्हणून? नाही म्हणवत नाही म्हणून? की..."

ऋत्विकने तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्याची आई आत आली. हातात ट्रे. ट्रेमध्ये दोन ग्लास. ग्लासांत लालचुटुक... कोकम सरबत.

शमिकाने डबी छातीशी घट्ट धरली. मिळालं उत्तर.

"आई!" ऋत्विक केवढ्याने ओरडला! मासेसुद्धा दचकले. "सरबत नको! हिला चहा कर!"

"अरे, उन्हातनं आली असेल ती..."

"ऊन कुठाय? संध्याकाळ झाली! चहा!"

आणि त्याने एक ग्लास उचलला, घटाघट रिकामा केला. मग दुसरा. आईने त्याच्याकडे बघितलं, शमिकाकडे बघितलं, खिडकीत गेलेल्या माशांकडे बघितलं.

"आलं घालून करते," ती म्हणाली. "वेळ लागेल हो."

ती गेली. ऋत्विकच्या वरच्या ओठावर सरबताची लाल मिशी उमटली होती आणि त्याला धाप लागली होती.

"तू फाटकाशी आलीस ना," तो म्हणाला, "तेव्हापासून... हो."

त्या आळीतला हा एकच होकार शमिकाने पुन्हा विचारून बघितला नाही. आत आईने आलं ठेचायला घेतलं होतं. सावकाश... अगदी सावकाश.