गुरुवारचा ठिपका

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पुण्यात वाढलोय, आग्रह करायची सवय नाही.

पण पुढे लिहिलंय ते सगळं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत. आणि ते अजून संपलेलं नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

साल २००९. नोव्हेंबरातला एक गुरुवार. सदाशिव पेठ.

साई तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. परभणीहून आलेला, वडील शाळेत मास्तर. तिसऱ्या मजल्यावर खोली, वर गच्ची, आणि खोलीत जोडीला उत्तरेश्वर नावाचा बार्शीचा मुलगा. त्यांच्या अख्ख्या वर्गाला एकच ध्यास होता, हिंजवडीतली नोकरी. साईला मात्र दिसेल ती वस्तू उघडून बघायची खोड. मावशी म्हणायची, "याला किती वाजले विचारू नका, घड्याळ खोलून ठेवील."

त्या वर्षी त्याच्या डोक्यात लेझर शिरला होता. जुन्या बाजारातून बिघडलेला डीव्हीडी रायटर आणला, त्यातला लेझर काढला, तपकीर गल्लीतून भिंगाची पितळी नळी घेतली आणि सगळं एका टॉर्चमध्ये बसवलं.

दुकानदारानं विचारलं होतं, "संरक्षणाचा चष्मा घेणार का?"

"डोळे चांगले आहेत माझे," साई म्हणाला.

"आज आहेत," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

टॉर्चच्या तोंडाशी भिंग होतं आणि त्याला आटे होते. ते हळूहळू फिरवायचं. समोरच्या भिंतीवर आधी पसरट लाल डाग पडतो. फिरवत गेलं की तो लहान होत जातो. सगळ्यात लहान झाला की समजायचं, फोकस जमला.

फिरवताना कोरड्या आट्यांचा आवाज यायचा.

किर्र... किर्र...

उत्तरेश्वरनं पैज लावली होती की ठिपका पर्वतीपर्यंत पोचणार नाही. पोचवायचा तर आधी लांबचा फोकस जमवायला हवा, आणि त्यासाठी लांबची भिंत हवी. गच्चीवरून दिसणारी तशी मोकळी भिंत एकच होती. रस्त्यापलीकडच्या इमारतीची.

त्या भिंतीत एक खिडकी होती.

खिडकीत नम्रता बसायची. हिंगोलीची मुलगी, फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करायला आलेली. दोघं एकाच खाणावळीत जेवायचे, त्यामुळे तोंडओळख होती. तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पुस्तकातून मान वर काढलेली तिला कुणी फारशी पाहिली नसेल.

त्या गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेलेली होती. पुण्यात गुरुवारी जायचीच. सहाला यायची, ती साडेसहा झाले तरी आली नव्हती. अंधार पडत होता. साईला हवा होता तसाच.

उत्तरेश्वर खाणावळीत नंबर लावायला गेला होता. गच्चीवर साई एकटा.

त्यानं खिडकीशेजारच्या भिंतीवर लेझर धरला. तळहाताएवढा लाल डाग पडला. साई भिंग फिरवत गेला. लिंबाएवढा. रुपयाएवढा. टिकलीएवढा.

नळी तापली होती, आटे अडकत होते. त्यानं जरा जोर लावला.

हात हलला.

ठिपका भिंतीवरून सरकून खिडकीत गेला, आणि नेमकी त्याच वेळी मेणबत्तीपाशी वाचत बसलेल्या नम्रतानं मान वर केली.

"आई गं," एवढंच ऐकू आलं.

साईनं बटण बंद केलं आणि कठड्याखाली बसून राहिला. पाचेक मिनिटांनी डोकं वर काढून पाहिलं, तर ती उजव्या डोळ्यावर हात धरून तशीच बसलेली होती.

आठवड्याभरानं खाणावळीत ती त्याच्याच टेबलाशी आली. ताटातला भात चिवडत शेजारच्या मुलीला सांगत होती, "मधोमध काळा डाग दिसतो गं. जे अक्षर वाचायला जावं तेवढंच गायब होतं. डॉक्टर म्हणतात, जुलैत सूर्यग्रहण पाहिलं असशील. मी कशाला पाहू? मी तर तेव्हा क्लासला होते."

साईनं मान खाली घालून पोळी संपवली.

त्याला तोंड उघडता आलं असतं. डॉक्टरांना खरं कारण कळलं असतं, तिला निदान झालंय काय ते समजलं असतं. पण जानेवारीत कंपन्या कॉलेजात येणार होत्या. पोलीस, कॉलेज, मास्तरांची अब्रू, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. होईल बरं आपोआप, असं त्यानं मनाला सांगितलं. भित्र्या माणसाचं मन लगेच ऐकतं.

ते बरं झालं नाही. दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसायचं, म्हणून ती उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून फिरायला लागली. पेपर तिचा अर्धाच लिहून झाला. मार्चमध्ये गावी जायला म्हणून शिवाजीनगर स्टँडला गेली, रस्ता ओलांडत होती. बस उजवीकडून आली.

तिला दिसलीच नाही.

सामान न्यायला तिची आई आली, द्वारकाबाई. ट्रंक जड होती, म्हणून समोरच्या पोरांना हाक मारली. साई आणि उत्तरेश्वरनं ती खाली उतरवली. उत्तरेश्वर रिक्षा बघायला गेला, तेव्हा बाई साईला म्हणाल्या,

"लेकरा, तू समोरच राहतोस नं? ती म्हणायची, समोरून लाल काहीतरी आलं. त्या सांजेला तुला काही दिसलं का रे?"

साई म्हणाला, "नाही, काकू."

त्यांनी मान हलवली. त्याच्या हातावर पेढ्याचा पुडा ठेवला. लेकीसाठी आणलेला होता, तसाच राहिलेला.

तो गुरुवार होता.

त्या संध्याकाळी लाइट आलेली नव्हती. साई कॉटवर पडला होता. उत्तरेश्वर स्टोव्हवर चहा ठेवत होता.

आणि तेव्हा...

कॉटच्या वरच्या भिंतीवर लाल डाग उमटला.

तळहाताएवढा. फिकट. किंचित थरथरणारा.

उत्तरेश्वर वैतागला. "ए एडिसन, बंद कर तो. डोळ्यात जाईल कुणाच्या."

साईचे दोन्ही हात छातीवर होते. लेझर टेबलाच्या खणात होता, त्यातले सेल मागेच काढलेले. त्यानं खिडकीतून समोर पाहिलं. नम्रताची खोली बंद होती. दाराला कुलूप त्यानंच दुपारी लावून किल्ली मालकांना दिली होती.

मग आवाज आला. खूप जवळून.

किर्र...

डाग गेला.

पुढच्या गुरुवारी तो लिंबाएवढा होता. त्याच जागी, त्याच वेळी. साईनं खिडकी लावून पडदा ओढला. डाग पडद्यावर पडला नाही. पडद्याच्या आत, भिंतीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो लकडी पुलावर गेला आणि लेझर मुठेत फेकून आला.

तिसऱ्या गुरुवारी रुपयाएवढा.

साईला आता झोप लागेना. त्याला कळत होतं, हे काय चाललंय. हे त्यानंच केलेलं होतं. थोडं फिरवायचं, थांबून बघायचं, परत फिरवायचं. पलीकडे कुणीतरी घाई न करता फोकस जमवत होतं.

चौथ्या गुरुवारी टिकलीएवढा. लालभडक. त्या दिवशी तो थरथरलासुद्धा नाही.

पाचव्या गुरुवारी दोघं दिवे गेल्यापासून भिंतीकडे बघत बसले होते. साडेसहा झाले. पावणेसात झाले.

भिंत कोरी होती.

सात वाजले. काही नाही.

साई हसला. महिन्यात पहिल्यांदा हसला. म्हणाला, "गेलं रे." उत्तरेश्वर चहाचे कप विसळायला बाहेर गेला आणि परत आला तो दारातच थांबला. हातातले कप खाली पडले.

"साई," तो म्हणाला, "हलू नको. तुझ्या डोळ्यावर..."

साईला भिंतीवर ठिपका दिसला नव्हता, कारण तो भिंतीवर नव्हताच.

मोहरीएवढा होता, असं उत्तरेश्वरनं मला सांगितलं. उजव्या बुबुळाच्या बरोबर मधोमध. फोकस जमला होता. उत्तरेश्वरनं त्याच रात्री खोली सोडली. आता तो माझे फोन उचलत नाही.

दवाखान्यात साईबरोबर मी होतो. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "लेझरशी खेळत होतात का? डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जळल्याची खूण आहे. यावर इलाज नाही." त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून साईनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. कशाचं पारडं जड होतं ते अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा नाही, शिवी नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"मरेस्तोवर ती मला विचारायची, आई, माझंच काही चुकलं का गं? मी तर ग्रहण बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तवा बोलला असतास तर तिचा जीव तरी निवांत झाला असता."

साई पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"माझी माफी मागून काय करतोस? तिला सांग."

साईनं तेही केलं. परत आल्यावर दर गुरुवारी दिवेलागणीला भिंतीसमोर बसून तो तिची माफी मागायचा. नाव घेऊन, हात जोडून. कुणी ऐकत असल्याची एकही खूण कधी मिळाली नाही.

याला आता दोन वर्षं झाली. साई एका डोळ्यावर हिंजवडीत नोकरी करतो. दिवसभर संगणकासमोर असतो, त्या एका डोळ्यावर त्याचं आणि मास्तरांच्या घराचं चालतं. एकटं राहवत नाही म्हणून तो धनकवडीला माझ्याकडे असतो. भिंतीशी बोलणं त्यानं यंदा बंद केलं. म्हणाला, "दादा, संपलं असेल आता." मीही म्हणालो, संपलं.

गेल्या गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. साईला सुट्टी होती. संध्याकाळी तो माझ्यासमोर खुर्चीत बसून शेंगा सोलत होता, पाठ भिंतीला. मी सहज वर पाहिलं...

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर लाल डाग होता.

तळहाताएवढा. फिकट.

उजव्या बाजूला नव्हता. डाव्या बाजूला होता.

मी हललो नाही. मग अगदी कानाशी आवाज आला.

किर्र...

साईचा हात शेंगांवर थांबला. आवाज त्यालाही आला असावा. त्यानं मागे वळून पाहिलं, तोवर भिंत कोरी झाली होती. मग चांगला डोळा माझ्याकडे लावून तो बराच वेळ बघत राहिला.

उद्या परत गुरुवार आहे. मोजायला मला बोटंही लागत नाहीत. सांगून काय होणार, तेवढाच त्याचा महिना नासणार, असं मी मनाला समजावतोय. आणि मन लगेच ऐकतंय.

त्या संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, "दादा, तुला काही दिसलं का रे?"

मी म्हणालो, "नाही."