पुंता ग्रिसचा पळवलेला ठसा

"ओफेलियाबाई, दुपारी महापौर मला कामावरून काढणार!" किनाऱ्यावरच्या खडकातल्या प्राचीन ठशांची राखणदार नेलिदा हिने कडूजार माते, म्हणजे तिथला पानांचा गरम काढा, पुढे केला. "ठसा शोधला मी, आणि चोरही मीच?"

माणसाहून उंच, केव्हाच नामशेष झालेल्या पक्ष्याच्या पावलाचा तो ठसा कुणीतरी शिळेसकट कापून नेला होता. पुंता ग्रिसच्या किनाऱ्यावरून वर यायची वाट एकच, नेलिदाच्या दारावरून. म्हणून आळ तिच्यावर.

गुप्तहेर ओफेलिया आपल्या लठ्ठ भाच्याला, लुचोला, घेऊन निघाली.

हॉटेलवाला बेल्त्रान खेकसला, "मला हॉटेलसाठी किनारा हवाय, दगड नको!" त्याने कॉफी मागवली. "माते माझ्या पित्ताला चालत नाही."

संग्रहालयाचे डॉक्टर अर्रिएता यांनी मात्र संत्र्याची साल घातलेला गोड माते दिला.

"ठसा बनावटच असणार. खडकाच्या त्या थराच्या काळात मोठे पक्षी नव्हतेच. जन्मभर हेच लिहिलंय मी."

"तुम्ही पाहिलात?"

"छे! गुडघे दुखतात. उन्हाळ्यापासून किनाऱ्याकडे फिरकलो नाही."

मग ओफेलिया आणि लुचो दरडीखाली गेली. गाईएवढ्या स्लॉथ नावाच्या प्राण्यांनी कधीकाळी खणलेली बिळं तिथे गाळाने बुजून दगड झाली होती. ओफेलिया काठीने एकेक ठोकत गेली. एका बिळात काठी भसकन घुसली.

"मावशी, यात तर मातेचा चोथा!" लुचोने माती चिवडली. "आणि हे नारिंगी तुकडे कसले?"

"आता सगळ्यांना इथेच बोलाव."

दुपारी महापौरांसह सगळे जमले.

"शिळा एकट्याला ओढता येईल, पण वर चढवता येणार नाही," ओफेलिया म्हणाली. "म्हणजे ती खालीच आहे. जुन्या बिळांतला गाळ थराथरांचा, टणक. या एकाच बिळात भुसभुशीत ढेकळं, आणि त्यात मातेचा चोथा. आपली खोडच ना! चव गेली की बसल्या जागी झटकायचा. चोरी करतानाही मातेचा थर्मास सुटत नाही! बेल्त्रान माते पीत नाही, नेलिदा कडू पिते. यात संत्र्याची साल आहे. डॉक्टर, उन्हाळ्यापासून न फिरकलेल्या माणसाचा ताजा चोथा इथे कसा?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "तो ठसा खरा आहे. माझं सगळं लिखाण खोटं ठरलं असतं. पण फोडायला हात धजावेना हो."

फावडी चालली. शिळा बाहेर आली, तिन्ही बोटं शाबूत! लोकांनी एकच गलका केला. लुचो तर नाचायलाच लागला. महापौरांनी सर्वांसमक्ष नेलिदाची माफी मागितली.

मान खाली घालून डॉक्टर निघाले, ते थेट ओल्या खडकावरून.

नेलिदाने टोपी नीट केली आणि कडाडली, "डॉक्टर, कडेने चला! माझ्या ठशांवर पाय पडतोय."