नोटेच्या मागची ओळ

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पान उलटा. मी कुणाची मनधरणी करायला बसलेले नाही.

आणि हो, रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, लख्ख उजेडात बसले होते.

माझे बाबा युद्धातल्या नोटा जमवायचे. एखादं सैन्य दुसऱ्याचा मुलूख बळकावतं, तेव्हा स्वतःच छापलेल्या नोटा लोकांच्या हातात कोंबतं आणि त्यांच्या वस्तू ‘विकत’ घेतं. सैन्य गेलं की त्या नोटा रद्दी. तसली रद्दी बाबांनी आयुष्यभर जपली.

अल्बममध्ये मोजून आठ नोटा. प्रत्येक नोटेखाली कागदाची एक पट्टी, आणि पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन-चार ओळी. नोट कुठली, कशी मिळाली. मागे कुणी काही खरडलं असेल तर तेही जसंच्या तसं. बाबा पेन्सिल इतकी हलकी धरायचे की पट्टी उलटून बोट फिरवलं तरी काही लागायचं नाही.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. पत्रं वगैरे ते कधी लिहीत नसत. त्यांचं अक्षर आता फक्त त्या पट्ट्यांवर होतं.

मला हाव सुटली, दुसरं काय! जुन्या नोटांचे एक व्यापारी आहेत, आम्ही त्यांना भिंगवाले काका म्हणतो. एक नोट बघून ते म्हणाले, “मागे ही पेन्सिल नसती ना, तर दुप्पट दिले असते.”

पेन्सिलच ना? मी खोडरबर घेतला.

नोट पुसायची नाही, धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. तरी पुसली.

मागची ओळ मराठीत होती, परमुलखात अडकलेल्या कुणा बाईची. लिहिताना तिनं पेन्सिल दाबून धरली होती. शिसं गेलं, पण कागदात खळगे राहिले. बोटाला लागत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला...

खटखट. खटखट. खटखट.

पायानं चालवायचं शिलाई मशीन.

खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे. रविवारी बंद असतं. मी जिना उतरले, शटरला कान लावला. आत चिटपाखरू नव्हतं.

वर आले...

आवाज माझ्या खोलीत होता.

दार उघडलं आणि थांबला. टेबलावर अल्बम उघडा होता. मी तो मिटून गेले होते.

पहिल्या नोटेखालची पट्टी... कोरी.

बाजूला खोडरबराचा भुसा.

दवाखान्यात माझी सकाळची पाळी असते, दोनला मी घरी येते. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा तेच. दुसरी पट्टी कोरी. मग तिसरी.

धाकट्या भावाला बोलावून दाखवलं.

“ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा,” तो हसला.

“आणि हा भुसा काय चष्म्यातून पडला?”

त्यानं चपला घातल्या. जेवायलाही थांबला नाही.

अल्बम कपाटात कोंडला, किल्ली गळ्यात अडकवली. तीनला मशीनच्या तेलाचा वास आला... आणि कपाट उघडलं तर आणखी एक पट्टी गेलेली.

भिंगवाले काकांना सांगितलं तर म्हणाले, “नोट मला देऊन टाक पोरी, पीडा टळेल.”

“पीडा माझी आहे काका, मीच निस्तरेन.”

आठव्या दिवशी एकच पट्टी उरली. त्याच नोटेखालची.

तीनच्या आधीच मी टेबलाशी बसले. नोट समोर, पट्टीवर माझा तळहात. आवाज सुरू झाला... टेबलाच्या पलीकडूनच. पलीकडे फक्त रिकामी खुर्ची.

मग माझ्या तळहाताखाली काहीतरी घासायला लागलं.

खोटं कशाला बोलू, घाबरले होते. पण भीतीहून राग मोठा होता. मी हात काढला नाही.

“हे बघ बाई,” मी म्हणाले, “पुसलं ते मी. माझ्या बाबांनी नाही. त्यांनी तुझा शब्दन् शब्द उतरवून ठेवलाय. ही पट्टी गेली की तू काय म्हणालीस ते कुणाला म्हणजे कुणालाच कळणार नाही. पुसायचंय? पुस!”

घासणं थांबलं.

हात उचलला. बाबांचं अक्षर शाबूत होतं. मी मोठ्यानं वाचलं.

“मशीन मी विकलं नाही. ते घेऊन गेले आणि हा कागद माझ्या हातात कोंबला. मी हो म्हणाले नाही.”

मग नोट उलटी केली, पेन्सिल घेतली आणि खळग्यांवरून एकेक अक्षर गिरवलं. तिच्याइतकंच दाबून.

भिंगवाले काकांनी कपाळाला हात लावला. “वाट लावलीस नोटेची!”

“लावली. विकायचीच नाहीये.”

मी घाबरून गिरवलं असं कुणी समजू नये. चूक माझी होती, ती मी भरून दिली. पण बाबांच्या सात पट्ट्या तिनं पुसल्या, ती चूक तिची. आवाज अजून येतो. तीन वाजले की मी रिकाम्या खुर्चीसमोर बसते आणि सांगते, “माझ्या बाबांचं अक्षर परत दे.” रोज सांगते. ती थकेल, मी थकणार नाही.

काल पहिल्या पट्टीवर एक अक्षर उमटलं.

‘स’. लांब शेपटीचा, हुबेहूब बाबांचा. मला रडूच फुटलं.

मग पट्टी उलटली आणि मागून बोट फिरवलं...

अक्षर बोटाला लागलं. कागद फाटायचा बाकी होता, इतकं दाबून लिहिलेलं.

मी पट्टी जागेवर ठेवली. खुर्चीकडे बघितलं.

“तुझ्या हातानं तर तुझ्या हातानं,” मी म्हणाले. “पण सगळं लिहून दे.”