कातींचा डबा

गोदा सदुसष्ट वर्षांची होती आणि अख्ख्या प्रयोगशाळेत तिच्याइतकं निर्धास्त कुणी नव्हतं. घाबरली की अंगाचा चेंडू करणारी ही आफ्रिकेतली अजगराची जात. पण गोदेला घाबरायला कारणच नव्हतं. काचेच्या पेटीत बेताची ऊब, दहा दिवसांनी एक उंदीर, ना मुंगूस, ना घार. रानात दहा वर्षं जेमतेम काढणारा जीव पेटीत तीस-चाळीस सहज काढतो. सदुसष्ट मात्र दुसऱ्या कुणी काढली नव्हती. साताऱ्याची ही संस्था त्या एका आकड्यावर उभी होती.

डॉ. मृण्मयी चौबळही त्याच आकड्यावर उभी होती. गोदेच्या रक्तातून डॉ. माधव रिसबुडांनी ‘मंदक’ काढलं, म्हातारपण लांबवणारं औषध. नऊ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा टोचून घेतलं मृण्मयीनं. तेव्हा ती चौतीसची. दर संक्रांतीला सर स्वतः तिच्या दंडावरची कातडी चिमूटभर खरवडून घेत, हातावर तिळगूळ ठेवत आणि आठवड्यानं सांगत, “शरीर अजून चौतीसचंच. मुलाची घाई कशाला? दहा वर्षं खिशात आहेत तुझ्या.”

तिनं घाई केली नाही. नवऱ्यालाही थांबवलं.

गोदेला तीस वर्षं सांभाळणारे रखमाजी भोईटे या महिन्यात निवृत्त होणार होते. गोदा आता मृण्मयीच्या घरी जाणार होती. साप पाळणाऱ्याच्याही मागे उरतो, म्हणून तिला घरी नेण्याच्या अर्जात ‘नंतर कोण सांभाळणार’ असा रकाना होता. मृण्मयीनं तिथे पेन्सिलीनं लिहिलं, ‘माझी लेक’.

“बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ताई,” रखमाजी हसले. मग त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत गोदेच्या काती होत्या, वर्षाला एक, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी. “सर म्हणायचे, टाकून द्या. पण कात घरात असली की बरकत राहते, असं आमची आई सांगायची. मी दर वर्षाची एक जपून ठेवली.”

मृण्मयी डबा घेऊन सरांकडे धावली. तिनं नुकताच बांधलेला वयवाचक, कातडीवरून वय सांगणारं यंत्र, याच कामाचा होता.

“मेलेल्या कातडीत काय मिळणार?” सर म्हणाले.

“पेशी मेल्या तरी खुणा राहतात, सर. वयाबरोबर जनुकांवर खुणा चढत जातात, वयवाचक त्या मोजतो. चूक फार तर सहा महिन्यांची. म्हातारपण कसं मंदावलं, त्याचा सगळा आलेख मिळेल.”

सर चष्मा पुसत राहिले.

दुपारपर्यंत आकडे आले. अडतीसपासून चढत चढत त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. मंदावणं कुठेच नव्हतं; एका वर्षात एकच वर्ष. आणि पंचावन्ननंतर तीन. मग चार, पाच, असं करत शेवटच्या कातीचं वय चौदा. तिनं यंत्र दोनदा तपासलं. मग रखमाजींना बोलावलं.

ते खालीच बसले. “बारा वर्षं झाली, ताई. गोदा गेली. सर म्हणाले, बाहेर कळलं तर सगळ्यांच्या चुली विझतील. दुसरी आणून ठेवली. तुम्ही तेव्हा आला नव्हता. नंतर सांगायला तोंड कुठलं?”

ती सरांसमोर उभी राहिली. “ती नुसती पेटीत जगली, सर. तिला मारायला कुणी नव्हतं, म्हणून पंचावन्न वर्षं. रक्तात काही नव्हतंच.”

“साप बदलला, मान्य. पण औषध खरं आहे,” सर शांतपणे म्हणाले. “पुरावा तूच आहेस.”

शीतपेटीतून तिनं गेल्या संक्रांतीचा, तीन आठवड्यांपूर्वीचा, आपला नमुना काढून वयवाचकात ठेवला. चौतीस.

“बघ,” सर म्हणाले.

तिनं बाही वर केली, स्वतःच दंड खरवडला आणि ते ठेवलं. त्रेचाळीस.

“तीन आठवड्यांत नऊ वर्षं, सर?”

तिनं बाकीचे नमुने लावले. चौतीस, चौतीस, चौतीस. पहिल्या वर्षीच्याच नमुन्याचे तुकडे, दर साली नव्या चिठ्ठीखाली.

“मला वाटलं, उशिरा का होईना, गुण येईल,” सर पुटपुटले. “तेवढा वेळ हवा होता.”

“तो माझा होता. सहा महिने मला पाळी नाही. तुम्ही म्हणालात, शरीर अजगरासारखं मंदावतंय. मी आनंदानं पेढे वाटले हो. केसानं गळा कापलात माझा, आणि वर दर वर्षी हातावर तिळगूळ ठेवलात. मी वडिलांवर ठेवला नसता इतका विश्वास तुमच्यावर ठेवला.”

ती पेटीपाशी परतली. आतली चौदा वर्षांची अजगरीण शांत पडली होती. अजून पंचवीस वर्षं ती सहज जगणार होती. रखमाजी दाराशी उभे होते, आत यायचं धाडस नव्हतं.

मृण्मयीनं अर्ज काढला. खोडरबर घेऊन ‘माझी लेक’ पुसलं. अक्षरं दाबून लिहिलेली होती, कागदावर वळ राहिले.

“तुमच्यावरचा राग जायचा नाही, रखमाजी,” ती म्हणाली. “पण हिला कुणीतरी लागेल. तुमच्या नातीला सापाची भीती वाटते?”

“नाही, ताई. हिच्यावर लई जीव आहे तिचा.”

मृण्मयीनं पेन उघडलं. “पूर्ण नाव सांगा.”