गवादादा, बाजूला हो

"बाजूला हो गवादादा, वाट माझी अडवू नको
शाळा माझी भरायची, शिंग मला दावू नको..."

वळणावरचा काळाभोर गवा फुसफुसला, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय उचलत करवंदीत शिरला. मी सुस्कारा सोडते तोच जांभळीमागून आवाज आला —

"घालवलात? पहाटेपासून त्याच्यासाठी बसलोय मी!"

गळ्यात दुर्बीण, केसांत पाचोळा. अवधूत. सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यातला फिटर. कारखाना दुरुस्तीसाठी बंद, म्हणून बामणोलीच्या जंगलात तंबू ठोकून राहिलेला. त्र्याण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता.

"जंगलात गातं का कुणी, बाई?"

"इथल्या सगळ्या बायका गातात. माझी घरमालकीण बयाबाई म्हणते, 'मुकाट्यानं जाऊ नगंस पोरी. मानूस अवचित दिसलं की अस्वल अंगावर येतंय.'"

"तुमचा सूर ऐकून तर पळतच असेल ते."

"मग तुम्ही कसे नाही पळालात?"

तो नुसता हसला... आणि रोज त्याच वळणावर दिसू लागला. कधी हातात मूठभर आवळे, कधी नुसतेच डोळे.

एकदा सर्दीनं माझा आवाज पार बसला.

"आज राहू द्या शाळा," तो म्हणाला.

मी नकारार्थी मान हलवली. आधीचे मास्तर अस्वलाच्या धास्तीनं बदली घेऊन गेले, तेव्हापासून वाडीची शाळा कुलपात होती. ते कुलूप मी उघडलं होतं. पुन्हा लागू देणार नव्हते.

मग तोच गात पुढं निघाला — इतका बेसूर, की वानरं शेंड्याला गेली! ओढ्यापाशी मात्र पाठीवर पिल्लू घेतलेली अस्वलीण समोर आली. गाणं थबकलं. मी त्याचा हात घट्ट धरला, घोगऱ्या आवाजात कुजबुजले, "थांबू नका... गा!"

तो गायला. कापऱ्या आवाजात. अस्वलीण ऐकत राहिली, वळली, ओढ्यात उतरून गेली. हात मात्र कुणीच सोडला नाही...

कारखाना सुरू झाला. तंबू गुंडाळताना त्यानं वर न बघताच विचारलं, "स्वानंदी, सांगलीला येशील? माझ्या घरी... कायमची. तिथं शाळा पुष्कळ आहेत."

"तिथं शिक्षकही पुष्कळ आहेत. मी ही वाट सोडणार नाही."

"माझ्यासाठीही?"

"तुमच्यासाठीही नाही."

तो गेला. मागं वळूनही न बघता.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परतले. वळण जवळ आलं. गायला तोंड उघडलं, शब्द फुटेना. तरी पाय मागं घेतला नाही. चालत राहिले... आणि पलीकडून तोच बेसूर आवाज —

"बाजूला हो गवादादा, वाट माझी अडवू नको
बाई माझ्या रुसल्यात रं, आणखी त्यांना चिडवू नको..."

जांभळीखाली अवधूत. हात ऑइलनं काळे.

"इथल्या धरणातल्या लाँचच्या इंजिनांना मेस्त्री पाहिजे होता," तो म्हणाला. "कुपवाड सोडलं."

"आणि घरचे?"

"आई म्हणाली, जी अस्वलाला भीत नाही, ती सून मला चालेल."

डोळे भरून आले, तरी मी दटावलं, "गाणं शिकणार का पण?"

"नाही जमायचं."

"बरंय. अस्वलं लांब राहतील."

शाळा भरायची होती. मी तो काळा हात हातात घेतला, आणि पुढची ओळ उचलली.